मदत हवी आहे : बांधावर मुंगसासाठी फासक्या लागल्यात, काय करू?

राम राम मंडळी. आमचं रान वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. विहिरीशेजारच्या दगडी तालीत बरीच वर्षं मुंगसाचं बिऱ्हाड आहे. सकाळी मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो, असं आमची आजी म्हणायची. परवा पाणी पाजायला गेलो तर तालीच्या तोंडाशी तारेच्या दोन फासक्या! काढून घरी ठेवल्यात, फोटोही आहेत. कुणी लावल्या ते माहीत नाही, आणि उगाच कुणावर आळ घ्यायचा नाही.

मांसासाठी असेल असं आधी वाटलं. मग कळलं की रंगकामाच्या ब्रशसाठी केस लागतात म्हणून मुंगसं मारतात, आणि एक किलो केसांसाठी सुमारे 50 जीव जातात. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला आणि केसांच्या व्यापाराला बंदी आहे, तरी चोरून चालतंच. पुतणीच्या चित्रकलेच्या पेटीतही एक ब्रश सापडला: केस बुडाशी काळसर, मधे पिवळट, टोकाला गडद तपकिरी. मुंगसाचे असेच असतात म्हणे. नायलॉनचा ब्रश सगळा एकाच रंगाचा असतो ना? जाणकारांनी सांगा.

वनखात्याच्या 1926 नंबरवर कुणी तक्रार केली आहे का? नाव गुप्त राहतं का? गाव लहान आहे, म्हणून विचारतोय. आणि फासक्या काढून मी पुरावा तर बिघडवला नाही ना? लवकर कळवा. शेजारचा ऊस तुटला की त्यांना लपायला ती तालच उरणार.