कँटनीज ‘फूगॉन’: कष्ट की बाप?

– हाँगकाँगच्या ऑफिसात कुणी फ्लॅट घेतल्याची बातमी आली, की ‘फूगॉन’ हा शब्द हमखास ऐकू येतो. कोशात अर्थ सापडला ‘अपार कष्ट’. मग सगळे हसतात कशाला?

– कोशातला तो शब्द वेगळा. कँटनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगच्या बोलीत, सहा सूर आहेत; सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘फू’ चढत्या सुरात म्हटला तर ‘कडू’, आणि ‘फूगॉन’ म्हणजे घाम गाळणं. तोच ‘फू’ खालच्या, सपाट सुरात म्हटला की ‘बाप’! ‘यश कष्टानेच मिळतं’ हा शाळेतला सुविचार नुसता सूर उतरवून ‘यश बापामुळेच मिळतं’ असा होतो. ‘काउ फूगॉन’ म्हणजे बापावर विसंबणं. ‘याउ फूगॉन’ म्हणजे पाठीशी तसा बाप असणं.

घरांशी याचं नातं घट्ट आहे. तिथे पहिलं घर घेण्याला ‘सोंग छे’ म्हणतात, शब्दशः गाडीत चढणं. भाव असे, की नुसत्या पगारावर चढणं अवघड. पेपरात ‘पंचविशीत घरमालक’ छापाच्या मुलाखती येतात: काटकसर, शेअर, घरचा डबा, सगळं साग्रसंगीत. आणि तळाशी हळूच एक ओळ, डाउन पेमेंट आईवडिलांनी भरलं. वाचणारा लगेच म्हणतो, फूगॉन!

– म्हणजे ‘यी साय जो’च ना? माझी घरमालकीण तिच्या भाच्याला तेच म्हणते.

– छे. ‘यी साय जो’ म्हणजे बापाचा पैसा उधळणारा दिवटा. फूगॉनवाला चांगला कामसू असू शकतो. टोमणा असतो तो श्रेय एकट्याने लाटण्याला. मुख्य चीनमधलं ‘फिन त्ये’, म्हणजे कोणाचा बाप मोठा याची चढाओढ, हे आणखी निराळं. त्यात पैशाइतकाच हुद्दाही चालतो.

– मराठीत काय म्हणाल? ‘बापाच्या जिवावर’?

– त्यात थेट शिवी आहे, कोटी नाही. ‘आपकमाई’ला लागून येणारी ‘बापकमाई’ बरी. एका अक्षराने पारडं फिरतं, तिथे सुराने फिरतं तसं. ‘फ्लॅट घेतलास म्हणे! आपकमाई की बापकमाई?’ इतपत खोचक. फक्त नुकतीच ओळख झालेल्या माणसाला हे विचारू नका. स्वतःबद्दल मात्र खुशाल म्हणा, तिथली मंडळीही म्हणतात.