काफीला आधार कोणत्या कॉर्डचा द्यावा?

पेटीकर_कुडाळ:
आमच्या भजन मंडळाने यंदा चतुर्थीसाठी कीबोर्ड घेतला असून साथीला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर, वाजवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पांढरी दोनला (पाश्चात्त्य डी) सा मानून केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की काफी थाट (राग ज्यात मोडतात तो सात स्वरांचा संच) मिळतो आणि पाश्चात्त्य संगीतात त्यालाच डोरियन मोड म्हणतात, इतके मला समजले. स्वर जर पांढरी एकच्या (सी) मेजर स्केलचेच, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांच्या सप्तकाचेच आहेत, तर त्या स्केलच्या नेहमीच्या कॉर्ड वाजवल्यावर बुवांचा सा का डळमळतो?

खाडीकाठ:
कॉर्ड त्याच सात स्वरांच्या असतात, ही आपली समजूत बरोबर आहे. चुकते ते मुक्कामाचे ठिकाण. पांढरी पाचच्या मेजर कॉर्डमध्ये पांढरी चार मिळवून आपण लगेच पांढरी एकच्या कॉर्डवर आलात, की आधीच्या कॉर्डमधली पांढरी सात अर्ध्या स्वराने चढून पांढरी एकवर आणि पांढरी चार अर्ध्या स्वराने उतरून पांढरी तीनवर विसावते, त्यामुळे कान पांढरी एकलाच सा मानू लागतो. बुवांचा सा त्या क्षणी नुसता रिषभ होऊन बसतो!

म्हणून पांढरी दोनची मायनर, म्हणजे सा, कोमल ग, प, हे घर धरावे आणि तिच्या जोडीला पांढरी पाचची मेजर, म्हणजे म, शुद्ध ध, सा, घ्यावी. काफीचा धैवत याच कॉर्डमध्ये खुलतो. ती मायनर केली तर धैवत कोमल होऊन आसावरी डोकावते. भैरवीसाठी पांढरी तीन सा धरल्यास तिची मायनर आणि कोमल रिषभावरची मेजर पुरते.

तंबोरा_मालवण:
हे थाटापुरते ठीक आहे, पण थाट म्हणजे राग नव्हे. बागेश्री काफी थाटातला असला तरी त्यात पंचम दुर्बल आणि मध्यम वादी (मुख्य स्वर) आहे, त्यामुळे पंचम असलेली घरची कॉर्ड सतत धरली तर राग बिघडतो. तिथे म, ध, सा हीच कॉर्ड बरी, किंवा नुसता षड्ज. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे थाट तर केवळ पांढऱ्या पट्ट्यांवर कुठूनही मिळत नाहीत.

पेटीकर_कुडाळ:
काल सरावात दोनच कॉर्डवर अख्खा अभंग वाजवला आणि सा जागचा हलला नाही. बुवांची पट्टी काळी एक असल्यामुळे बोटे पांढरी दोनवरच ठेवून ट्रान्सपोज (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारी कीबोर्डची सोय) एकने, म्हणजे अर्ध्या स्वराने, खाली घेतला. पांढरी एकची कॉर्ड आता कोमल निषादाची म्हणून ओझरती घेतो, तिच्यावर थांबत नाही.