कोणती क्लिप चांगली? पोल जरा थांबवा

बी-३०४: जुन्या टेपची मूळ क्लिप आणि एआयने सुधारलेली, दोन्ही टाकल्यात. खाली पोल आहे.

ए-१०२: दुसरीच! चेहरे कसे लख्ख दिसतायत.

सी-५०१: काका, घाई नको. इथे व्हिडिओ म्हणून टाकलं की ॲप पुन्हा कॉम्प्रेस करतं, बारीक पोत तिथेच जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि नावं फक्त 'क' आणि 'ख' ठेवा. 'सुधारलेली' वाचलं की मन आधीच तिकडे झुकतं.

डी-२०३: शिवाय दुसरी उजळ आहे. शेजारीशेजारी ठेवल्यावर उजळ, भडक आणि जास्त शार्प क्लिपच पटकन आवडते. आधी ब्राइटनेस आणि रंग जुळवा, नाहीतर मत उजेडाला पडतं.

ए-१०२: मग बघायचं काय?

सी-५०१: चष्म्याची दांडी, केसांची कड. तिथे पांढरी रेघ दिसली तर शार्पनिंग जास्त झालंय. गाल मेणासारखे गुळगुळीत असतील तर नॉइज (चित्रातले दाणे) काढताना कातडीचा पोतही पुसलाय. पॉज करून हे कळतं, पण चालू क्लिपही बघाच. स्थिर चित्रात झकास दिसणारे दात आणि बटणं हलताना दर फ्रेमला आकार बदलतात. सगळ्यात वाईट मागच्या रांगेतले चेहरे! मुळात जेमतेम २० पिक्सेल रुंद, त्यात एआय डोळे-नाक स्वतःच भरतं. चेहरा देखणा होतो, पण त्या माणसाचा राहत नाही.

ई-४०२: व्हीमॅफ स्कोअर काढू का? ते सॉफ्टवेअर क्लिपचा दर्जा आकड्यात मोजतं.

डी-२०३: उपयोग नाही. तो संदर्भ-क्लिपशी तुलना करतो, आणि आपला संदर्भ म्हणजे हीच खराब टेप. त्यात शार्पनिंग-कॉन्ट्रास्टने स्कोअर फुगतो, म्हणून तर नेटफ्लिक्सने ही वाढ न धरणारी त्याची 'नेग' आवृत्ती काढली.

सी-५०१: माणसंच बसवा. आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) च्या बीटी.५०० या चित्राचा दर्जा तपासायच्या शिफारशीत किमान १५ प्रेक्षक, साधारण १० सेकंदांच्या क्लिप आणि ५ पायऱ्यांची मोजपट्टी आहे. क्रम प्रत्येकाला वेगळा द्या. सगळे एकाच टीव्हीवर, एकाच अंतरावरून. ५५ इंची फुल एचडीला साधारण २ मीटर. टीव्हीचं मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतः बनवणं) बंद.

बी-३०४: दुसरीत हात हलला की कंगव्यासारख्या रेघा येतात, त्या कशाने?

डी-२०३: डीइंटरलेस न करता, म्हणजे अर्ध्या चित्रांच्या पूर्ण फ्रेम न बनवता, मोठं केलंय. टेप ५७६ ओळींची, सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं. आधी डीइंटरलेस (एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरचा बीडब्ल्यूडिफ फिल्टर), मग हलकं डीनॉइज, मग अपस्केल (मोठं करणं), शार्पनिंग शेवटी आणि चिमूटभर.

बी-३०४: बरं, पोल काढला. मूळ फाइल उडवू का? जागा खाते.

सी-५०१: अजिबात नको!