मदत हवी आहे : ऊसतोड कुटुंबांतील सहा वर्षांखालील मुलांची अंगणवाडीची सोय (तालुका वाळवा, जिल्हा सांगली)

नमस्कार. आमच्या गावच्या गायरानात दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात. बहुतेक कुटुंबे बीड जिल्ह्यातील आहेत, काही बंजारा तांड्यांवरची आहेत, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, साधारण मार्चपर्यंत, ती याच भागात असतात. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी कुठे जायचे आणि कोणाला भेटायचे हे मला माहीत आहे, आणि त्यांना गावातल्या शाळेत बसवूनही घेतले जाते. अडचण त्याहून लहान मुलांची आहे. शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो; तीन ते सहा वयोगटासाठी त्याच्या अकराव्या कलमात शासनाला व्यवस्था करता येईल एवढेच म्हटले आहे, ती केलीच पाहिजे असे नाही. त्यामुळे या मुलांना जे मिळायचे ते अंगणवाडीतूनच, आणि नेमके तिथेच घोडे अडले आहे.

आमच्या सेविका कामसू आहेत, हे आधी स्पष्ट करते. त्यांचे म्हणणे असे, की या मुलांची नावे मूळ गावच्या अंगणवाडीत असल्याने इथल्या पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीतल्या लाभार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या शासकीय अॅपवर) ती घेता येत नाहीत, धान्य पटाप्रमाणे येते, आणि पटाबाहेरच्या तीसेक मुलांना खाऊ घालायचे तर ते गावातल्या मुलांच्या ताटातूनच काढावे लागेल. (काही पालकांनी ‘कोपीवरची पोरे आमच्या पोरांत कशाला’ असेही त्यांना ऐकवले आहे. त्याविषयी इथे विस्ताराने लिहीत नाही, पण हा दबाव खरा आहे.) वरच्या कार्यालयात विचारले, तर मुलांची आधार कार्डे आणि मूळ गावचा दाखला आणा, असे तोंडी सांगण्यात आले. यांतल्या अनेक बाळांचे आधार अजून काढलेलेच नाही.

दुसरी अडचण वेळेची आहे, आणि माझ्या मते तीच अधिक अवघड आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, डोक्यावर मुकादमाची उचल, म्हणजे टोळी आणणाऱ्याने आधीच दिलेली रक्कम, त्यामुळे खाडा परवडत नाही. आया पहाटे चारच्या सुमारास फडात जातात. अंगावरचे बाळ सोबत जाते आणि बांधावरच्या झोळीत पडून राहते. तीन-चार वर्षांची मुले कोपीवर मागे राहतात आणि त्यांना सांभाळते सात-आठ वर्षांची बहीण, जिचे नाव शाळेच्या पटावर असते पण ती वर्गात नसते. अंगणवाडी उघडेपर्यंत या मुलांचा निम्मा दिवस झालेला असतो. त्यांना तिथवर आणणार कोण आणि अंगणवाडी सुटल्यावर ती जाणार कुठे, हा प्रश्न नोंदणी झाली तरी उरणारच आहे.

ही मुले अगदी कोरी आहेत असे मात्र कोणी समजू नये. परवा चार-साडेचार वर्षांची एक मुलगी आईने विकायला बांधून ठेवलेल्या वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या मोजत होती. पाच पेंढ्यांना हात लावून झाला, की ती ‘पाचुंदा’ म्हणायची आणि बाजूला उसाचे एक कांडे ठेवायची. शेवटी कांडी मोजून तिने पाचुंदे सांगितले आणि वरच्या दोन पेंढ्या सुट्या दाखवल्या. पहिलीच्या वर्गात हेच पटवून द्यायला मला मणी आणि माळा घेऊन बराच वेळ लागत असे. पण ही मुलगी पहिलीत जाईल तोवर तिने पुस्तक हाताळलेले नसेल, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलत असल्याने गुरुजींचे बोलणे तिला निम्मेच कळेल, आणि दिवाळीपर्यंत जेमतेम रुळते न रुळते तोच ती पुन्हा इकडे निघालेली असेल.

जाणकारांना विचारायचे ते असे. मूळ गावाहून नाव इकडे घेण्याची पद्धत कोणती? मुलाच्या आधारची सक्ती खरोखर आहे का? आणि कोपीवरच दोन-तीन तास बालवाडी भरवायची म्हटली, तर शासकीय योजनेत त्याला जागा आहे, की ते आम्ही गावकऱ्यांनीच उभे करायचे?

प्रतिसाद (सातारा जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून काम केले आहे)

ताई, राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या पाचव्या कलमानुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क आहे, आणि त्यात मूळ गावच्या दाखल्याची अट नाही. प्रमाण अनुसूचीत दिले आहे; २०१३ च्या मूळ अनुसूचीत ते दिवसाला ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, कुपोषित बालकाला ८०० किलोकॅलरी व २० ते २५ ग्रॅम प्रथिने असे होते, आणि ही अनुसूची २०२३ मध्ये सुधारण्यात आली. गरोदर आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंतच्या स्तनदा मातांचा हक्क चौथ्या कलमात आहे. त्यांचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही, पण कोप्यांवर अशा स्त्रिया असणारच, म्हणून यादीत त्यांनाही घ्या. मुलाचे आधार सक्तीचे नाही, आईच्या आधारवर नोंद होते. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतरित लाभार्थ्याला दुसऱ्या अंगणवाडीत घेण्याची सोय आहे. व्यवहारात मात्र दोन्हीकडच्या सेविका फोनवर बोलल्या तरच काम पुढे सरकते; तेव्हा आयांकडून मूळ गावच्या सेविकेचा नंबर मिळवा.

तोंडी उत्तरावर परत फिरू नका. बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे यादीसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि एक प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाला द्या. पुढच्या वर्षी हा अर्ज कोप्या पडताच गेला पाहिजे, म्हणजे धान्याच्या मागणीत ही मुले धरली जातील. कोणी सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशातला चाळीस मुलांचा निकष सुचवेल, पण तो अंगणवाडीच नसलेल्या वस्तीने नवी अंगणवाडी मागण्यासाठी आहे. तुमच्या गावात अंगणवाडी आहे. तो निकष लिहून तीसच मुले आहेत हे निमित्त त्यांच्या हाती देऊ नका.

या सगळ्याच्या आधी आशाताईंना दंडाचा घेर मोजायची पट्टी घेऊन कोप्यांवर न्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित समजतात. त्याला नोंदणीची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचे. लसीकरणाचे कार्ड आईजवळ आहे का, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.

केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखाली अंगणवाडीला जोडून पाळणाघर देणारी ‘पाळणा’ योजना आहे, परंतु हंगामापुरत्या तळासाठी तिच्या मंजुरीवर विसंबून राहावे असे मला वाटत नाही. आणि एक सांगा : तुमची टोळी टायरगाडीची (टायरच्या बैलगाडीची) आहे की ट्रॅक्टरची? टायरगाडीवाले हंगामभर एकाच तळावर असतात. ट्रॅक्टरची टोळी ऊस संपला की गाव बदलते, मग ट्रॅकरवरचे नाव पुन्हा हलवावे लागते.

प्रतिसाद (कराड तालुका)

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. आमच्याकडे त्यातून सतरंज्या, चित्रांचे तक्ते आणि कोप्यांवरच्याच एका वयस्क बाईंना मानधन दिले गेले. त्या पहाटेपासून मुलांजवळ असतात, गोरमाटी आणि मराठी दोन्ही बोलतात. अंगणवाडीच्या मदतनीस दुपारी आहार तिथेच पोहोचवतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, ती मुले शाळेत येत नाहीत म्हणूनच. कोपीवरची बालवाडी हा काही नवा प्रकार नव्हे. ग्रामसभेत तसे ठणकावून सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. टोळी ट्रॅक्टरची आहे, आणि मुकादमाच्या म्हणण्याप्रमाणे संक्रांतीनंतर ती शेजारच्या गावी हलेल. म्हणून अर्जात दोन्ही गावांच्या अंगणवाड्या लिहिते. दंडघेराचे आशाताईंशी बोलणे झाले आहे. वयस्क बाईंची सूचना फार उपयोगाची वाटते, पण आमच्या टोळीत म्हाताऱ्या माणसांना सहसा आणत नाहीत. मुलांजवळ ठेवता येईल अशी जी एक बाई आहे, ती गरोदर आहे आणि आठव्या महिन्यातही मोळ्या बांधायला जाते. तिला फडाऐवजी मुलांजवळ ठेवून मानधन दिले, तर मुकादम तो अर्ध्या कोयत्याचा खाडा धरून उचलीतून कापेल का, आणि तसे झाल्यास ते कोणापुढे मांडायचे, हे कोणी सांगू शकेल का?