एक सेमिस्टर परदेशात : नाशिककरांनो, अर्जाचे अनुभव लिहा

माझी भाची इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचा परदेशातल्या एका विद्यापीठाशी करार आहे, त्यातून पुढच्या वर्षी एका सेमिस्टरसाठी तिचं नाव जाईल असं दिसतंय. घरात सगळे खूश, आणि माहिती कुणालाच नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडवर परदेशी शिक्षणाच्या पाट्यांना तोटा नाही, म्हणून एक-दोन ठिकाणी जाऊन आलो. एक्स्चेंज म्हटल्याबरोबर विषय बदलला आणि पूर्ण मास्टर्सचं पत्रक हातात आलं. नंतर डोक्यात प्रकाश पडला. एक्स्चेंजमध्ये फी आपल्याच कॉलेजात भरायची, तिकडची ट्यूशन फी माफ. मग त्यांचं कमिशन सुटणार कशातून?

तेव्हा जे स्वतः गेलेत, ज्यांची मुलं गेलीत, ज्यांचं जमता जमता राहिलं, ज्यांनी कॉलेजच्या बाजूने हे कागद हाताळलेत, सगळ्यांनी लिहा. बर्फ, फोटो, फिरणं नंतर. आधी अर्जाचं बोला. कॉलेजांची नावं टाळा, उगाच वाद नकोत.

इंदिरानगर, मेकॅनिकल, जर्मनीला हिवाळी सेमिस्टर

पहिली गोष्ट, एक्स्चेंजला तुम्ही थेट अर्ज करत नाही. आपलं कॉलेज तुमचं नाव तिकडे कळवतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. अर्जाची लिंक त्यानंतर येते, आणि तोवर खरी निवड इथेच होऊन गेलेली असते.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला लर्निंग ॲग्रीमेंटमध्ये. तिकडे कोणते विषय घेणार आणि त्याबदल्यात इकडचे कोणते धरले जाणार, याचा हा तक्ता. खाली तीन सह्या : तुमची, आपल्या कॉलेजची, तिकडच्या विद्यापीठाची. युरोपात एका सेमिस्टरला ३० ईसीटीएस (तिकडची क्रेडिट मोजायची पद्धत) क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास. आपलं गणित वेगळं, त्यामुळे आकड्याला आकडा लावून काही होत नाही. आमच्या एचओडी (विभागप्रमुख) मॅडम म्हणाल्या, "क्रेडिट मोजत बसू नकोस, सिलॅबस काढ." तिकडच्या विद्यापीठांच्या साइटवर प्रत्येक विषयाचं मॉड्यूल हँडबुक असतं. ते उतरवलं, आपल्या सिलॅबसच्या एकेका युनिटसमोर मांडलं, मग मॅडमनी पेन उचललं. हीट ट्रान्सफर लगेच जमलं. एक विषय मात्र तिथे फक्त उन्हाळी सेमिस्टरला शिकवतात, तो बदलून घ्यावा लागला आणि सह्यांची फेरी पुन्हा पहिल्यापासून.

तारखांचं दुखणं निराळं. जर्मनीत हिवाळी सेमिस्टरची लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीत संपतात, परीक्षा त्याला लागून. तोवर आपलं पुढचं सेमिस्टर बरंच पुढे गेलेलं असतं. हजेरीचं काय, सबमिशनचं काय, हे मी निघण्याआधी लेखी घेतलं. "बघू आपण, तू जा तर खरी" यावर विमानात बसू नये.

शिष्यवृत्ती नसेल तर व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट दाखवावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून त्याचा हिशोब महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४. सेमिस्टरपुरतं जाणाऱ्याने मुक्कामाच्या महिन्यांनी गुणायचं. पैसे आपलेच असतात, तिकडे गेल्यावर दरमहा तेवढे सुटतात. पण एकदम भरायचे असतात, आणि घरात खरी चर्चा होते ती त्याच दिवशी.

धागाकर्ता : निवड इथेच होते म्हणालात, ती कशावर होते? मार्कांवर?

सिडको, प्राध्यापक

आमच्या समितीपुरतं सांगतो. मार्क बघतोच, बॅकलॉग, म्हणजे मागे राहिलेला विषय, असेल तर गाडी तिथेच थांबते. पण मार्कांत सगळे सारखेच निघतात, तेव्हा स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे का जायचंय ते सांगणारा मुलांचा लेख, वाचावं लागतं. आणि ते वाचणं ही शिक्षा आहे. "नाशिक ही कुंभनगरी आणि द्राक्षनगरी आहे" हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता पहिला परिच्छेद सोडूनच सुरुवात करतो. अरे बाळांनो, तिकडच्या प्राध्यापकाला सिंहस्थाशी काय देणंघेणं? एका मुलीने लिहिलं होतं, की तिकडच्या अमुक लॅबमध्ये गियरच्या आवाजावर काम चालतं, माझा मिनी प्रोजेक्ट त्यावरच आहे आणि मला त्यांचं मोजमापाचं यंत्र वापरून बघायचंय. दोन पानंसुद्धा नव्हती. तिचं नाव वर गेलं.

शिफारसपत्राचंही तेच. मुलं स्वतःच लिहून आणतात आणि "सर, फक्त सही" म्हणतात. सगळ्यांच्या पत्रात एकच विशेषण. निदान मला तुमचा प्रोजेक्ट काय होता ते आठवून द्या, मी चार ओळी स्वतः लिहीन.

इंग्रजीचा दाखला : काही विद्यापीठांना शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचं कॉलेजचं पत्र पुरतं, काहींना आयईएल्ट्स किंवा टोफेल लागतंच. त्या गुणांची मुदत दोन वर्षांची, त्यामुळे बारावीनंतर हौसेने दिलेली परीक्षा तिसऱ्या वर्षाला कामाला येईलच असं नाही.

निफाड तालुका, कॉम्प्युटर, जपान

आमच्याकडे पगारपत्रक नाही, फॉर्म १६ नाही. द्राक्षबाग आहे. जपानला व्हिसाच्या आधी सीओई लागतं, म्हणजे तिथल्या इमिग्रेशनचं पात्रतेचं प्रमाणपत्र. ते तिकडचं विद्यापीठ आपल्यासाठी काढतं, पण खर्च कोण करणार त्याचे पुरावे आपण द्यायचे. बँकेतली शिल्लक, उत्पन्नाचा पुरावा, खर्च करणाऱ्याशी नातं. मला आलेल्या यादीत इन्कम टॅक्स रिटर्नही होतं. शेतीच्या उत्पन्नाला आपल्याकडे प्राप्तिकर नाही, आप्पांनी जन्मात रिटर्न भरलेलं नाही. आप्पा म्हणाले, "त्यांना म्हणावं, या आन बाग बघून जा."

शेवटी असं जुळवलं : तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, आठ-अ, माल विकल्याच्या पावत्या आणि व्यापाऱ्याचे पैसे जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट. सगळ्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून. वर सीएचं पत्र, की शेती उत्पन्न करमुक्त असल्याने रिटर्न नाही. तिकडच्या इंटरनॅशनल ऑफिसातल्या बाईंनी उलट एकच विचारलं, वर्षभर खातं रिकामं आणि मार्चमध्ये एवढी रक्कम एकदम कुठून आली? बरोबर आहे, त्यांच्या जागी मीही विचारलं असतं. मग त्यांना ऑक्टोबर छाटणीपासून सौद्यापर्यंत बागेचं सगळं वर्ष मेलमध्ये लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, समजलं, धन्यवाद, आणि द्राक्षं कोणत्या जातीची?

आता मुद्द्याचं. एप्रिलच्या सेमिस्टरचे कागद आदल्या पावसाळ्यानंतर मागतात. तेव्हा छाटणी, औषधं, मजुरी यात आमचं खातं खरवडून निघालेलं असतं. सप्टेंबरअखेर सुरू होणाऱ्या सेमिस्टरचे कागद उन्हाळ्यात जातात, तेव्हा शिल्लक दिसते. मी सेमिस्टर निवडलं ते या हिशोबाने, विषयांच्या नाही. शेतकऱ्यांच्या पोरांनो, हे डोक्यात ठेवा. आणि मार्चअखेर सोसायटीच्या कर्जाचं नवंजुनं होतं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलतात, त्यात शिल्लक खालीवर होते, तेव्हा बँकेचा दाखला कोणत्या तारखेचा घ्यायचा तेही आधी ठरवा.

जास्सो या जपानी सरकारी संस्थेची शिष्यवृत्ती एक्स्चेंजवाल्यांना महिन्याला ८०,००० येन असते, पण नाव तिकडचं विद्यापीठ सुचवतं, सगळ्यांना मिळत नाही. मला नव्हती. परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं, त्यावर जेवणाचा खर्च निघाला.

पंचवटी, आई

मुलं लिहितायत, मी आई म्हणून लिहिते. लेक अमेरिकेला गेली, जे-१ व्हिसावर. एक्स्चेंजवाल्यांचा हा व्हिसा, पूर्ण डिग्रीवाल्यांचा एफ-१. तिकडचं विद्यापीठ डीएस-२०१९ नावाचा फॉर्म पाठवतं, त्याशिवाय पुढे काही हलत नाही. त्यावर सेविसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या तिकडच्या सरकारी नोंदणीची फी, जे-१ ला २२० डॉलर, एफ-१ ला ३५०. व्हिसाची फी वेगळी.

आमचं घोडं अडलं नावावर. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर तिचं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळ्या रकान्यात. कॉलेजातून नाव गेलं ते मार्कशीटच्या क्रमाने, त्यामुळे फॉर्मवर आडनाव झालं पहिलं नाव. नवा फॉर्म मागवावा लागला. ह्यांचं म्हणणं, "एवढ्याने काय होतंय, माणूस तर तोच ना." होतं हो. फॉर्म पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे.

दुसरं, लसी. तिकडच्या विद्यापीठाने गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचा पुरावा मागितला. तिचं लहानपणीचं कार्ड माझ्या लग्नाच्या शालूच्या घडीत सापडलं. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी डॉक्टरांकडून पुन्हा डोस घेऊन लिहून घ्यावं, पण दोन डोसांत अंतर लागतं, म्हणजे हे काम शेवटच्या आठवड्याचं नाही.

व्हिसाची मुलाखत मुंबईला, बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत. सकाळची वेळ असेल तर पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका, ती दादरला पोचेपर्यंत दहा वाजून जातात. आदल्या दिवशी नातेवाइकांकडे जा. आरोग्यविमा जे-१ ला सक्तीचा असतो. आणि काहींना परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागते, विशेषतः सरकारी पैशावर गेलं तर. फॉर्मवर आणि व्हिसावर तसं लिहिलेलं असतं. सही करण्याआधी वाचा, पोरं वाचत नाहीत.

नाव नको

मी गेलो नाही. नॉमिनेशन झालं होतं, तिकडचं पत्रही आलं होतं. आमचं कॉलेज स्वायत्त नाही, पुणे विद्यापीठाशी संलग्न. सिलॅबस विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचे, त्यामुळे तिकडचा विषय इकडच्या विषयाऐवजी धरायचा अधिकार प्राचार्यांकडे नव्हता. विचारणा पुण्याला गेली. ठक्कर बाजारहून पुण्याची बस धरून मीही कागद घेऊन फिरलो. सगळे चांगलं बोलले, नाही कुणीच म्हणालं नाही, हो पण म्हणालं नाही. उत्तराविना गेलो असतो तर ते सेमिस्टर परत आल्यावर पुन्हा करावं लागलं असतं, म्हणजे वर्ष गेलं. घरी कर्ज आहे, वर्ष परवडणारं नव्हतं. शांतपणे नाही कळवलं.

वर स्वायत्त कॉलेजवाले सह्यांच्या फेऱ्या सांगतायत, त्यांना एवढंच सांगतो, तुमच्या सह्या एकाच इमारतीत होत्या. धागाकर्त्यांनी भाचीचं कॉलेज स्वायत्त आहे का हे आधी विचारावं.

यूजीसीचे २०२२ चे ट्विनिंगचे नियम आहेत, त्यात ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशी संस्थेत मिळवता येतात. पण तो अभ्यासक्रम मुळातच दोन संस्थांनी मिळून आखलेला असावा लागतो. ते माझ्यासारख्या मधूनच उठून जाणाऱ्याला लागू होत नाही. मला आधी वाटलं होतं होईल.

नाशिकरोड, एमएस्सी, स्पेन

थोडक्यात. युरोपियन युनियनच्या इरॅस्मस प्लस शिष्यवृत्तीतून गेले. यातही अर्ज आपल्या कॉलेजमार्फतच, दोन विद्यापीठांत करार असेल तरच. मुक्काम दोन ते बारा महिने. देशानुसार महिन्याला ८०० ते ९०० युरो आणि प्रवासखर्च अंतराप्रमाणे. ट्यूशन नाही, परीक्षा फी नाही. फक्त पैसे तिकडे बँक खातं उघडल्यावर आले, तोवर खोलीचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं घरूनच. शिष्यवृत्ती आहे म्हणून खिसा रिकामा घेऊन जाऊ नका. होस्टेलचा अर्ज नॉमिनेशनच्या दिवशीच टाका.

गंगापूर रोड, इलेक्ट्रॉनिक्स, जर्मनीहून परत

परत आल्यावरचं कुणी लिहिलं नाही. अर्ज करताना याचा विचार होत नाही, पण व्हायला हवा.

जर्मनीत १.० सगळ्यात चांगला, ४.० काठावर पास, ५.० नापास. माझ्या ट्रान्स्क्रिप्टवर (तिकडच्या गुणपत्रिकेवर) १.३, १.७, २.०. परीक्षा विभागात कागद ठेवला तर साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "दहापैकी?" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हळहळलंसुद्धा. मग वहीवर मांडून दाखवलं. तिकडे बव्हेरियन फॉर्म्युला वापरतात : कमाल गुणातून आपले वजा करायचे, त्याला कमाल आणि पास यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. दहाच्या मापात पास ४ धरलं तर आपले ८.२ म्हणजे तिकडचे १.९. तेच उलटं करायचं. साहेबांना गणित पटलं, पण म्हणाले, "असं लिहिलेलं कुठे आहे?"

रूपांतर कसं करायचं हे लर्निंग ॲग्रीमेंटच्या वेळीच एका कागदावर लिहून सही घ्या. तिकडून निघताना ट्रान्स्क्रिप्टबरोबर त्यांच्या श्रेणीपद्धतीचा खुलासाही शिक्क्यासकट मागा. इरॅस्मसच्या चौकटीत निकालानंतर साधारण पाच आठवड्यांत ट्रान्स्क्रिप्ट देणं अपेक्षित असतं, म्हणजे ते तुमच्या मागून येणार आणि इथलं प्लेसमेंट त्याआधी सुरू होणार. मी तोवर एचओडींच्या पत्रावर प्लेसमेंटला बसलो.

आणि परीक्षा विभागात जो माणूस खरं काम करतो त्याचा नंबर जाण्याआधी घेऊन ठेवा. हिवाळ्यात वेळेचा फरक साडेचार तासांचा. इथलं ऑफिस अकराला उघडतं तेव्हा तिकडे साडेसहा वाजलेले असतात, आणि साहेब साडेअकराला चहाला जातात.