कपात परत मिळते, पण कधी?
‘टीडीएस, म्हणजे बिल देतानाच कापलेला कर, शेवटी परत मिळतोच, मग ठेकेदारांची ओरड कशाला?’ हे मत मला पटत नाही. सरकारी बिलातून एकटा आयकरच कापला जातो असं नाही. एकट्या ठेकेदाराचा १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २. करार अडीच लाखांच्या वर गेला की जीएसटीचे आणखी २. बांधकामावर १ टक्का कामगार उपकर, तो तर परत येतच नाही. वर अनामत. आणि हे सगळं बिलावर, नफ्यावर नव्हे! मजुरांना पगार दर आठवड्याला द्यावा लागतो, बिल मात्र मार्चपर्यंत लटकतं. बिल देणाऱ्या कार्यालयाने कपातीचं विवरणपत्र भरलं नाही तर कापलेली रक्कम २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा कराच्या उताऱ्यात, दिसतही नाही. नफा कमी असेल त्यांनी आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचा दाखला जरूर घ्यावा. जीएसटीची कपात पोर्टलवर स्वीकारली की कॅश लेजरमध्ये, म्हणजे तिथल्या आपल्या रोख खात्यात, येते. ती तिथे पडून राहू देऊ नका.