मदत हवी आहे: खाडीच्या गाळात वाळवंटी झुडपाचे परागकण?

नमस्कार मंडळी. एमएससीच्या प्रकल्पासाठी रत्नागिरीजवळच्या एका खाजणात (बांध घालून भरतीचं पाणी अडवलेल्या खारजमिनीत) पाइप ठोकून गाळ काढलाय. मधल्या थरात एकाच तऱ्हेचे कण भरमसाट आहेत: गोल, २५ मायक्रॉनच्या आसपास, अंगभर छिद्रं, थेट गोल्फचा चेंडू. चाकवताचा गट हे कळलं. पुढे घोडं अडलंय.

पुस्तकांत लिहिलेलं असतं की हे कण वाढले म्हणजे हवा कोरडी झाली. कोरड्या भागातली झुडपं अ‍ॅट्रिप्लेक्स, हॅलोक्सिलॉन, कच्छच्या रणातला सुएडा अशी. खाऱ्या, रखरखीत जमिनीत तग धरणारी आणि वाऱ्यावर पराग सोडणारी. पण इथे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस! सुएडाचे भाऊबंद इथेही तिवरांच्या (खारफुटीच्या झाडांच्या) मागे, भरतीचं पाणी कधीमधीच पोचतं तिथे मांसल पानं घेऊन मजेत उभे आहेत. त्यांना मीठ पुरे, दुष्काळ कशाला हवा? शिवाय परसातला माठ आणि बांधावरचा आघाडा, त्यांचेही कण साधारण असेच.

की वाऱ्याने आले? जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडची धूळ मुंबईपर्यंत आलीच होती. सर म्हणतात, 'कोरडा काळ' लिही आणि मोकळा हो. मला ते पटत नाही. जाणकारांनी सांगा, काय करू?

प्रतिसाद: नुसत्या छिद्रांवरून जातीपर्यंत पोचायचा नाद सोड, सोबतीला कोण आहे ते बघ. इफेड्राचे लांबट, उभ्या कंगोऱ्यांचे कण मिळाले तर वाळवंटाकडचा वारा; ते झुडूप राजस्थान-गुजरातेत आहे, कोकणात नाही. आर्टेमिसियावर (दवण्याच्या गटावर) विसंबू नकोस, त्यातला ढोरदवणा सह्याद्रीतही आहे. आणि आधी आजचा चिखल तपास: बांधावरून, तिवरांतून, भातखाचरातून थोडा थोडा घे, त्यावरही तीच अ‍ॅसिटोलिसिस (कण स्वच्छ करायची आम्लप्रक्रिया) कर. आज कुठे किती कण पडतात ते कळल्याशिवाय जुन्या थराबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

धागाकर्ता: आभारी आहे! इफेड्राचा एकही कण नाही. तिवराचे आहेत, नेहमी भरतीचं पाणी लागणाऱ्या कांदळाचे (दुसऱ्या खारफुटीचे) मात्र नेमके याच थरात घटलेत. म्हणजे भरती कमी पोचू लागली, असंच ना? मग समुद्र मागे हटला, की कुणी बांध घालून खाजण केलं, हे कशावरून ठरवायचं?